चित्ता, बिबट आणि आपले कोक्याचे जंगल

गेल्या उन्हाळ्यात परीक्षा आटोपल्यानंतर संस्थेच्या अभ्यासिकेत काही मुले टी.व्ही.समोर बसलेली होती. आफ्रिकेतील गवताळ मैदानात चित्ता हरणाच्या मागे धावतो, असे दृश्य सुरू होते. सर्व मुले श्वास रोखून पाहत होती. कार्यक्रम संपल्यावर आठवीतील एका मुलाने आम्हांला विचारले, "सर, तिथं जायाले किती पैसे लागते जी?" आम्ही बँकेत नोकरी करीत असल्याने पैशाचा प्रश्न आमच्याकडे येणे स्वाभाविकच होते. आम्ही अंदाजे आकडा सांगितला. मग दुसऱ्याने तो धानाच्या पोत्यांत मोजायला घेतला. तो हिशेब फारच लांबत चालला, तेव्हा आम्ही तो तेथेच थांबविला आणि पुढच्या चौथ्या शनिवारी पहाटे मुलांना घेऊन कोक्याच्या अभयारण्यात जायचे ठरविले.

आम्ही स्वतः आफ्रिकेला गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. जे वाचले, पाहिले आणि आपल्या जिल्ह्यात अनुभवले, त्यावरून विद्यार्थी मित्रांसाठी हा लेख लिहीत आहोत.

'सफारी' हा शब्द मुलांना इंग्रजी वाटतो. तो पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतला आहे आणि मुळात अरबी 'सफर' वरून आलेला आहे. आपणही सफर म्हणतो. तेव्हा हा शब्द आपल्या ओळखीचाच निघाला. टांझानियातील सेरेंगेटी आणि केनियातील मसाईमारा ही या सफारीची प्रसिद्ध ठिकाणे. तेथे जमीन मोकळी, गवत गुडघ्याएवढे आणि झाडे विरळ. दहा लाखांहून अधिक संख्येने फिरणारे वन्यबैल आणि त्यांच्या मागावर सिंह, तरस, बिबट व चित्ते. मोकळ्या रानामुळे शिकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांनी दिसते. आपल्याकडे तसे नाही. आपल्या जंगलात शिकारी प्राणी आधी ऐकावा लागतो, मग दिसला तर दिसतो.

येथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे बिबट्याला सर्रास चित्ता म्हणतात. गावात बिबट आला की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर 'चित्ता आला' अशी बातमी होते. वास्तविक हे दोन वेगळे प्राणी आहेत. बिबट्याच्या अंगावर पोकळ फुलांसारखे ठसे असतात, तर चित्त्याच्या अंगावर भरीव गोल ठिपके. चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत दोन काळ्या रेघा ओघळलेल्या असतात. डोके लहान, कंबर बारीक, पाय लांब. बिबट दबा धरतो आणि मारलेले जनावर झाडावर ओढून नेतो. चित्ता जवळ जाईपर्यंत लपतछपत जातो आणि मग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो, पण तो काही शेकडा मीटरपुरताच. पुढच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाने सावजाला अडकवून पाडतो आणि नरडे दाबून धरतो. त्यानंतर तो इतका थकतो की, बराच वेळ धापा टाकत बसून राहतो. नेमक्या त्याच वेळी तरस किंवा सिंह आला, तर मारलेले सावज सोडून द्यावे लागते. म्हणूनच सिंह-तरस सुस्तावलेले असतात त्या दिवसाच्या उजेडात तो बहुधा शिकार करतो. अंगात एवढा वेग, परंतु मारामारीचे बळ नाही, अशी त्याची गत आहे.

हा प्राणी एके काळी आपल्या देशात होता. राजेरजवाडे त्याला पकडून, माणसाळवून, काळविटाच्या शिकारीसाठी वापरीत. कोल्हापूर संस्थानात चित्ते सांभाळणारे चित्तेवान होते. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता गाडीवर बसवून माळावर न्यायचा, काळवीट दिसले की पट्टी काढून सोडायचा, अशी पद्धत होती. परंतु पिंजऱ्यात चित्त्याची वीण होत नसे. जहांगीर बादशहाच्या काळात एकदा अशी पिल्ले झाल्याची नोंद आहे, आणि ती अपूर्वाई म्हणूनच केलेली आहे. म्हणजे दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून उचललेला होता. शेकडो वर्षे हा उपसा चालला, माळराने नांगराखाली गेली, काळवीट घटले. पुढे पुढे तर कोल्हापूर व भावनगरच्या संस्थानांना आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले. 1947 साली आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानात तीन चित्ते एका रात्री गोळीला बळी पडले आणि 1952 साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. त्यानंतर सत्तर वर्षांनी, 17 सप्टेंबर 2022 रोजी, नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले गेले आणि फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. त्यांतील काही दगावले, काहींना येथेच पिल्ले झाली. घालविणे किती सोपे आणि परत आणणे किती खर्चाचे, हे बँकेत बसणाऱ्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

आता आपल्याकडे येऊ. 1999 साली जिल्ह्याची वाटणी झाली, तेव्हा नवेगावबांध आणि नागझिऱ्याचा बराच भाग गोंदियाकडे गेला. तरी नागझिऱ्याचे पिटेझरीचे प्रवेशद्वार साकोली तालुक्यात आहे आणि कोका तर भंडाऱ्याहून वीसेक किलोमीटरवर. डिसेंबर 2013 मध्ये हे सर्व मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पवनी तालुक्याच्या बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून याच भागात वर्षे काढली आणि गोंड, ढिवर बांधवांकडून ऐकलेली जंगलाची भाषा मराठीत आणली. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. आपल्या मुलांनी त्यांची पुस्तके जरूर वाचावीत.

आमच्या कोक्याच्या फेरीत वाघ दिसला नाही. गाईड जवळच्याच गावचा तरुण. मुलांनी दर पाच मिनिटांनी वाघाबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, "वाघ तुमाले पायते, तुमी वाघाले नाई पाहत." धुळीत उमटलेले ताजे पाऊल मात्र त्याने दाखविले. मांजरकुळातील प्राण्यांची नखे आत ओढलेली असतात, म्हणून वाघ-बिबट्याच्या पावलात ती उमटत नाहीत. कुत्र्याच्या पावलात उमटतात. चित्ता मांजरकुळातला असूनही त्याची नखे पूर्णपणे आत जात नाहीत, धावताना जमिनीला पकड घ्यायला ती बाहेर राहतात. म्हणून चित्त्याच्या पावलात नखे दिसतात. ही गोष्ट मुलांनी वहीत लिहून घेतली.

मग माकडाचा 'खॉक' असा आवाज आला, पाठोपाठ चितळाची शीळवजा हाक. गाडी थांबली. एका बोडीच्या काठाला रानकुत्री होती. आम्ही सात मोजली, त्यांत दोन अर्धवट वाढलेली पिल्ले. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी. ती भुंकत नव्हती, एकमेकांना शीळ घालत होती. बोडीत पोटापर्यंत पाण्यात एक चितळाची मादी उभी. एक कुत्रा पाण्यात शिरे, ती सरके, तो परत फिरे. बाकीची काठावर निवांत बसलेली, जणू त्यांना कोठेच जायची घाई नव्हती.

रानकुत्र्यांबद्दल आपल्याकडे फार राग आहे. ती जिवंत जनावराचे लचके तोडतात, हे खरे आहे. नरडे दाबायला लागणारे बळ त्यांच्यापैकी एकट्यात नसते, म्हणून ती कळपाने फाडतात. लघवीने वाघाला आंधळे करतात, ही मात्र निव्वळ दंतकथा. इंग्रजांच्या काळात त्यांना मारल्याबद्दल सरकारातून बक्षीस मिळे. त्याच कुत्र्यांत शिकार पडल्यावर पिल्लांना आधी खाऊ देण्याची रीत आहे, आणि पिल्ले बिळात असताना मोठी माणसे, नव्हे कुत्री, पोटातले मांस ओकून त्यांना भरवितात. हे गाईडने सांगितले तेव्हा गाडीत दोन तट पडले. काही मुले म्हणाली, हरिणी सुटावी. नववीतील एक मुलगी म्हणाली, "मंग पिल्लं काय खातील?" वाद रंगात आला आणि फेरीची वेळ संपली. नियमाप्रमाणे बाहेर पडावे लागले. त्या हरिणीचे पुढे काय झाले, ते आम्हांला कळले नाही.

गाड्यांच्या वेळेचे नियम कित्येकांना जाचक वाटतात. परंतु 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला येथे पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडविली होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. मसाईमारात चित्त्यांबाबत असाच अनुभव आहे. गाड्यांची गर्दी असलेल्या भागात चित्त्याच्या माद्यांची पिल्ले कमी जगतात, असे अभ्यासकांना आढळले. गाड्यांनी घेरल्यावर शिकार हुकते आणि एक शिकार हुकली की त्या दिवशी पिल्ले उपाशी.

वाघाची अडचण निराळी आहे. तो एका जंगलात मावत नाही. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' हा वाघ 2013 मध्ये शेते, नाले, रस्ते ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला, देशभर प्रसिद्ध झाला आणि एप्रिल 2016 नंतर कोणालाच दिसला नाही. त्याचा मुलगा श्रीनिवास 2017 मध्ये नागभीडकडे शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेने मेला. ऑगस्ट 2023 मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुर्दोलीजवळ एका वाघाला मोटारीने उडविले. दुसरीकडे, त्याच वर्षीच्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या गेल्या, कारण तेथे वाघ फार झाले होते आणि येथे कमी. विजेची तार लावणारा शेतकरी वाघासाठी लावत नाही, रानडुकरासाठी लावतो. धान हातातोंडाशी आले असता एका रात्रीत बांधी सपाट झालेली ज्याने पाहिली, त्याचा राग आम्ही समजू शकतो. पण ती तार बेकायदा तर आहेच, आणि तिने माणसेही मेलेली आहेत.

वाघाने माणसे मारलेलीही आहेत, हे लपवून उपयोग नाही. 'सीटी-1' या वाघाने गडचिरोली, चंद्रपूर आणि आपल्या जिल्ह्याचा लाखांदूर भाग मिळून तेरा जणांचा जीव घेतला. ऑक्टोबर 2022 मध्ये वडशाकडे त्याला बेशुद्ध करून पकडले. असे हल्ले पुष्कळदा उन्हाळ्यात होतात. त्याचे कारण जंगलापेक्षा आपल्या पोटात आहे. मोहफुले पहाटे गळतात, म्हणून वेचणारी माणसे अंधुक उजेडातच जंगलात शिरतात, आणि हीच वाघाची हिंडण्याची वेळ. फुले वेचणारा माणूस वाकलेला किंवा उकिडवा बसलेला असतो. उभ्या माणसाला वाघ बहुधा टाळतो, परंतु वाकलेला आकार त्याला चार पायांच्या सावजासारखा भासतो. म्हणून चार-पाच जणांनी मिळून जावे, बोलत-गात वेचावे, एकाने उभे राहून चौफेर नजर ठेवावी, उजाडल्याशिवाय शिरू नये, असे वनखाते सांगते. सल्ला योग्य आहे. मात्र उशिरा गेल्यास फुले गुरे व हरणे खाऊन टाकतात आणि चार-पाच जणांत गेल्यास एका झाडाखालची फुले चार-पाच घरांत वाटली जातात, हेही खरे आहे.

आमच्या काउंटरवर अशीच एक बाई येते. तिचा नवरा मोह वेचायला गेला होता. शासनाची मदत मंजूर झाली, त्यातील काही रक्कम हाती मिळाली आणि उरलेली नियमाप्रमाणे तिच्या नावे मुदत ठेवीत गेली. पावती देताना आम्ही तिला व्याजाचा दर, मुदतीची तारीख सर्व समजावून सांगितले. तिने पावती उलटसुलट पाहिली आणि विचारले, "साहेब, रोवण्यापुरते मोडता येत नाई का जी?" येत नाही, असे सांगावे लागले. नियम तिच्याच हिताचा आहे, नाहीतर ते पैसे चार नातेवाइकांनी केव्हाच वाटून घेतले असते. हे आम्हांला पटते, तिलाही बहुधा पटत असावे. पण त्या दिवशी रोवण्याची मजुरी द्यायची होती.

अभ्यासिकेतील मुलांना घेऊन कोक्याला गेलो होतो, हे आम्ही तिला सहज सांगितले आणि ती अजून जंगलात जाते काय, असे विचारले. ती म्हणाली, "जातो जी. मोहफुलं कोन येचन मंग?" वाघाबद्दल ती काहीच बोलली नाही. आम्हीही विचारले नाही.

ठेवीची मुदत अजून संपायची आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती व्याज घ्यायला सकाळी बँक उघडताच येते. मार्च-एप्रिलमध्ये मात्र मोह आटोपून दुपारून येते.