सभागृह भाड्याने घेणाऱ्याचे दायित्व आणि विमासंरक्षण

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील सिरसा जिल्ह्यात मंडी डबवाली येथे एका शाळेचा वार्षिक पारितोषिक वितरण समारंभ खासगी मंगल कार्यालयात भरला होता. मंडपास आग लागून ४०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. कार्यालय शाळेच्या मालकीचे नव्हते, ते समारंभापुरते घेतलेले होते. तथापि २००९ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने भरपाईचे दायित्व केवळ जागामालकावर ठेवले नाही. शाळा चालविणारी संस्था व शासकीय यंत्रणा यांनाही त्यात वाटेकरी केले. ‘जागा दुसऱ्याची, तेव्हा जबाबदारीही दुसऱ्याची’ हा सर्वसाधारण समज किती ठिसूळ आहे, हे यावरून दिसते. सभागृह भाड्याने घेणाऱ्यावर दायित्व कसे येते आणि विमा त्यातील किती भार उचलतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दायित्वाचा उगम

अपकृत्याच्या कायद्यानुसार, जागा ज्याच्या नियंत्रणात असेल त्याने तेथे येणाऱ्यांच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणे आवश्यक असते. जिना, कायमची वीजजोडणी, उद्वाहन यांची निगा मालकाकडे असते. परंतु आयोजकाने उभारलेला कापडी मंडप, वाटेत मांडलेल्या जादा खुर्च्या, गर्दी आवरण्यासाठी लावून घेतलेले दार, बाहेरून आणलेला जनरेटर या गोष्टी आयोजकाच्या नियंत्रणातील होत. प्रत्यक्ष अपघातात ही सीमारेषा क्वचितच स्पष्ट असते आणि वादाचे मूळ बहुधा तेथेच सापडते.

दुसरा उगम करारातील आहे. समारंभकाळातील कोणत्याही हानीस आयोजक जबाबदार राहील, अशा आशयाचे कलम आरक्षणाच्या अर्जावर किंवा पावतीच्या मागील बाजूस छापलेले असते. वाचणाऱ्याचे लक्ष अनामत रक्कम आणि कार्यालय रिकामे करण्याची वेळ यांपलीकडे सहसा जात नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२४ मध्ये वर्णिलेल्या क्षतिपूर्तीच्या कराराचेच हे रूप होय. जखमी पाहुण्याचा मालकाविरुद्धचा हक्क त्यामुळे नष्ट होत नाही. मात्र मालकाने दिलेली भरपाई पुढे आयोजकाकडून वसूल होऊ शकते.

मालकाचा विमा आणि आयोजक

सभागृहाचा विमा उतरविलेला आहे, या उत्तराने आयोजक निश्चिंत होतो. हा विमा मालकाचा असतो. आयोजकाचे नाव त्यात विमाधारक म्हणून समाविष्ट नसल्यास त्याला त्याचे संरक्षण नाही. उलट आयोजकाच्या निष्काळजीपणामुळे सभागृह जळाल्यास विमा कंपनी मालकास नुकसानभरपाई देते आणि त्याच्या जागी उभी राहून तीच रक्कम आयोजकाकडे मागू शकते. यालाच प्रत्यासन म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट ऑर्गनायझेशन विरुद्ध चरण स्पिनिंग मिल्स या निवाड्यात हे तत्त्व तपशीलवार विशद केले आहे.

म्हणून आयोजकाने स्वतःचा सार्वजनिक दायित्व विमा घेणे इष्ट ठरते. एखाद्या समारंभापुरत्या विमापत्रातही असा भाग समाविष्ट करता येतो. त्रयस्थ व्यक्तीस झालेली शारीरिक इजा, तिच्या मालमत्तेची हानी आणि न्यायालयीन बचावाचा खर्च यांचा त्यात अंतर्भाव असतो. भरपाईस ‘प्रत्येक अपघातास’ आणि ‘संपूर्ण मुदतीस’ अशा दोन मर्यादा असतात. समजा, पहिली मर्यादा १० लाख रुपये असून एकाच चेंगराचेंगरीत २० जण जखमी झाले, तर तो एकच अपघात गणला जातो व त्या १० लाखांतूनच सर्वांचे दावे भागवावे लागतात.

अपवादांची यादी अधिक महत्त्वाची आहे. विमाधारकाच्या ताब्यातील मालमत्तेची हानी सामान्यतः वगळलेली असते. म्हणजे ज्या सभागृहाची आयोजकास सर्वाधिक चिंता, तेच बाहेर राहते. कायद्याने येणाऱ्या दायित्वापलीकडे केवळ कराराने पत्करलेला भारही वगळला जातो. पावतीमागील ते कलम मोघम असल्यास त्यातून उद्भवणारा दावा विमा कंपनी नाकारू शकते. अन्नातून झालेल्या विषबाधेसाठी बहुधा वेगळी तरतूद मागून घ्यावी लागते. कामगारांना झालेल्या इजेचा प्रश्न २०२५ पर्यंत कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ च्या कक्षेत येत असे.

नावातील साधर्म्यामुळे सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ याचा या संदर्भात चुकीने उल्लेख होतो. भोपाळ दुर्घटनेनंतर झालेला हा कायदा घातक पदार्थ हाताळणाऱ्यांपुरता आहे. लग्नसमारंभ वा स्नेहसंमेलन यांना तो लागू होत नाही.

विमाधारक कोण?

महाराष्ट्रातील मंडळे व हौशी संस्था यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष अवघड आहे. नोंदणी न झालेल्या मंडळास स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसते. अर्जावर सही करणारा कार्यकर्ता वैयक्तिकरीत्या अडकण्याचा संभव असतो आणि विमापत्र केवळ मंडळाच्या नावे असल्यास त्याच्या संरक्षणाविषयी वाद निर्माण होतो. पदाधिकाऱ्यांची नावे विमापत्रात स्पष्टपणे लिहून घेणे हा त्यावरील साधा उपाय होय.

वाजवी खबरदारी घेणे ही विमापत्राची एक अट असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावयाचे असते. आरक्षण करतेवेळी त्याची प्रत मागून पावतीसोबत जपून ठेवल्यास, दावा उपस्थित झाल्यावर आयोजकाने दक्षता घेतल्याचा तो एक लेखी पुरावा ठरतो.