हॅलोविनची संध्याकाळ

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी लहान मुले सोंगे घेऊन दारोदार ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणत खाऊ मागतात. या सणाचे मूळ आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या केल्टिक परंपरेत सांगितले जाते. तिकडे सलगम कोरून दिवे करत. आयरिश स्थलांतरितांबरोबर ही प्रथा अमेरिकेत आली आणि सलगमची जागा भोपळ्याने घेतली. खाऊ मागण्याची चाल मात्र विसाव्या शतकातली. दुसऱ्या महायुद्धात साखरेच्या रेशनिंगमुळे ती थंडावली, नंतर उपनगरांत जोमाने पसरली.

दारापुढचा दिवा लागलेला असेल त्याच घरी जायचे, हा सर्वमान्य संकेत. चिमुकली मुले दिवेलागणीलाच आईवडिलांचे बोट धरून निघतात आणि दोन-चार गल्ल्यांत दमतात, तेवढे पुरे. मुखवट्याने नजर अडते, म्हणून चेहरा रंगवणेच चांगले. पायघोळ पोशाखात पाय अडकतो, गडद कपड्यांवर चमकती पट्टी हवी. या रात्री वाहनांच्या धडकेत पादचारी मुले दगावण्याचा धोका एरवीपेक्षा खरोखरच वाढतो, त्यामुळे ही काळजी अनाठायी नाही.

दारात निळसर हिरवा भोपळा दिसला, तर तिथे ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी खाऊऐवजी छोटी खेळणी मिळतात. घरी परतल्यावर पालक पिशवी रिकामी करून फाटक्या वेष्टनातला खाऊ आणि घशात अडकतील अशा कडक गोळ्या बाजूला काढतात.