खेळ करायचा, पण कोणत्या भाषेत?

दिवसभर खेळणाऱ्या मुलाला दटावणे सोपे असते. पण "मला स्वतःच खेळ तयार करायचा आहे" असे म्हणणाऱ्या मुलापुढे भले भले आईबाप निरुत्तर होतात. अकोटसारख्या तालुक्याच्या गावी हा पेच अधिकच. वडील बँकेत नाही तर शाळेत; आईने संगणक हाताळला तो एमएस-सीआयटीच्या वर्गात. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने हा वर्ग गावोगावी नेला, हे मोठेच काम झाले. पण तेथे मुख्यतः संगणक वापरायला शिकवतात. खेळ करणे म्हणजे संगणकाला हुकूम सोडणे, आणि त्यासाठी त्याला समजेल अशी भाषा यावी लागते.

अशा भाषा एक का दोन! शेजारचे इंजिनियर म्हणतात, "सी प्लस प्लस शिकवा, पाया पक्का होईल." पुण्याचा भाचा म्हणतो, "मामा, पायथनशिवाय दुसरे बघूच नका." आणि मोबाइलवरची जाहिरात बजावते की आजच फी भरली नाही, तर तुमचे चिरंजीव कायमचे मागे पडलेच म्हणून समजा! त्यात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगची ओळख करून देण्याचे कलम आले, तेव्हापासून घराघरांतली धाकधूक वाढली आहे.

आमच्या मते कसोटी एकच लावावी. पहिल्या आठवड्यात मुलाच्या हातून एक खेळ पुरा होतो का? तो ओबडधोबड असला तरी चालेल, पण पुरा झाला पाहिजे. कारण लहान मूल भाषा अवघड म्हणून सोडत नाही. खूप खपूनही डोळ्यांपुढे काही हलत नाही, म्हणून सोडते. सी प्लस प्लसमध्ये एक अर्धविराम राहिला तरी सारा कार्यक्रम अडून बसतो. दहा वर्षांच्या पोराला वाटते, आपल्यालाच डोके नाही. भरलेल्या फीपेक्षा हे नुकसान फार मोठे.

नवशिक्यांची ही अडचण जाणत्यांनी फार पूर्वी ओळखली होती. १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही जमावी म्हणून 'बेसिक' ही भाषा केली. १९६७ साली सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास मुलांसाठी 'लोगो' काढली. तिच्यात हुकूम देताच एक कासव रेघ ओढीत चालू लागे. आपल्याकडे १९८४ साली सुरू झालेल्या सरकारच्या 'क्लास' योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले, त्यांवरही बेसिकच होती. याच वंशातली आजची लेक म्हणजे 'स्क्रॅच'. अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेत मिचेल रेझनिक यांच्या गटाने ती केली आणि २००७ साली सर्वांसाठी खुली झाली.

स्क्रॅचमध्ये हुकूम लिहायचे नसतात. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. न जुळणारा ठोकळा बसतच नाही, त्यामुळे स्पेलिंगची चूक संभवत नाही. समजा, आपल्या वऱ्हाडातल्या मुलाला शंकरपटाचा खेळ करायचा आहे. पडदा ४८० घरे रुंद, मधोमध शून्य. बैलजोडी डावीकडे उणे २०० वर उभी करायची, उजवीकडे अधिक २०० वर शेवटची रेघ. स्पेसची कळ दाबली की जोडी १० घरे पुढे. म्हणजे ४० वेळा कळ दाबली की पट पुरा! सेकंद मोजायला घड्याळाचा ठोकळा तयारच असतो. पुस्तकात रुक्ष वाटणारे आलेखाचे अक्ष येथे बैलांच्या पायांनी धावू लागतात.

खरी गंमत पुढेच आहे. दिवाळीला आलेला आतेभाऊ चलाख निघतो. तो कळ दाबतो ती सोडतच नाही, आणि बैल आपोआप धावत सुटतात! आता आपल्या कारागिराला विचार करावा लागतो. कळ सुटेपर्यंत थांबायचे, असा आणखी एक ठोकळा लावला की लबाडी बंद. ही चूक शोधून दुरुस्त करण्याची सवय हाच या विद्येचा गाभा आहे, आणि ती कोणत्याही भाषेत पुढे उपयोगी पडते.

सातवीपर्यंतच्या मुलाला स्क्रॅच, हा आमचा कौल. आठवी-नववीच्या मुलाने इंग्रजी टंकलेखनाला न भिता पायथन घ्यावी. नेदरलँड्सच्या खिडो व्हान रॉसम यांची ही भाषा १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्याबरोबर 'टर्टल' नावाचे साधन फुकट येते. ते त्या लोगोच्या कासवाचेच वंशज! हुकूमाचे शब्द इंग्रजीच राहतात, पण आपण ठेवलेली नावे देवनागरीत चालतात. 'वेग' आणि 'गुण' असे सरळ मराठीत लिहावे, पायथन कुरकुर करीत नाही.

"ठोकळे म्हणजे पोरखेळ, खरे खेळ असे होत नाहीत," अशी शंका येईल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा 'राजी' हा खेळ २०२० साली जगभर गेला. तो 'अनरियल' या साधनावर घडवला आहे. त्या साधनाची भाषा सी प्लस प्लस खरी; पण त्यातच 'ब्लूप्रिंट' नावाची सोय आहे, आणि तिच्यात चौकटी तारांनी जोडून हुकूम देतात. मोठे कारागीरही चित्रांनी काम करतात, तर मुलांनी लाजायचे कशाला?

खर्चाचे म्हणाल, तर स्क्रॅच आणि पायथन दोन्ही फुकट. जुना लॅपटॉपही पुरतो. स्क्रॅच एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसले तरी चालते. नुसत्या मोबाइलवर मात्र खेळता येते, घडवणे जिकिरीचे होते. तेव्हा वर्गाच्या फीचे पैसे आधी यंत्राकडे वळवावे. वर्गाचा विचार मुलाचे दोन-तीन खेळ पुरे झाल्यावर.

आणि आईबापांनी एक पथ्य पाळावे. खेळ तयार झाला की "याचा अभ्यासाला काय उपयोग?" असे विचारू नये. शेजारी बसावे, कळ हाती घ्यावी आणि मनापासून हरावे. पुढचा खेळ करायला मुलाला याहून मोठे बक्षीस लागत नाही.