कुत्र्याच्या घशात हाड अडकले आहे काय?

वस्तीवरचा कुत्रा एखाद्या सकाळी मान लांबवून खोकू लागतो. कोरडी, घोगरी ढास लागते, उबळीच्या शेवटी ओकारी येते, थोडा पांढरा फेस पडतो. घरातले कोणी म्हणते, "घशात हाड अडकलंय," आणि दुसरे कोणी बाह्या सावरून त्याच्या तोंडात हात घालायला पुढे होते. वाचकहो, तो हात आधी मागे घ्या. पिसाळलेल्या कुत्र्यालाही गिळता येत नाही, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. पाहणाऱ्याला हाडच अडकले असे वाटते. अशा कुत्र्यापासून लांब राहावे. त्याची लाळ ओरखड्याला लागली असल्यास ती जागा साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घेण्यासाठी सरकारी दवाखाना गाठावा.

कुत्रा नीट खातपीत असेल, हुशारीत असेल आणि नुसता खोकत असेल, तर बहुधा ती संसर्गजन्य ढास असते. पशुवैद्यक तिला 'केनेल कफ' म्हणतात. बोर्डेटेला नावाचे जंतू आणि काही विषाणू ती लावतात. मेंढरांचा तळ शेतात बसला, चार नवे कुत्रे आले, नाकाला नाक लागले, एका भांड्यात पाणी प्याले, की दोन ते चौदा दिवसांत खोकला सुरू होतो. बहुतेक कुत्रे एक ते तीन आठवड्यांत बरे होतात.

तोवर त्याला इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवावे, भांडे निराळे करावे. गळ्यातल्या साखळीला हिसका बसला की ढास वाढते. म्हणून गळपट्टा काढून छातीवरून रुंद पट्टा बांधावा. चुलीचा धूर आणि मळणीची धूळ टाळावी. भाकरी कोरडी न टाकता कांदा-लसूण नसलेल्या पातळ वरणात भिजवून द्यावी. गुराला नळीने पाजतो तसे काढे मात्र पाजू नयेत. घशात ओतलेले फुप्फुसात उतरते. घरातल्या माणसांच्या तापाच्या, दुखण्याच्या गोळ्याही देऊ नयेत. त्यांतल्या काही कुत्र्याला विषासारख्या बाधतात.

ताप आला, अन्न सुटले, धाप लागली किंवा डोळ्यांतून-नाकातून पू येऊ लागला, तर घरी थांबू नये. हा डिस्टेंपर असू शकतो. त्यात हगवण लागते, पुढे अंगाला झटके येतात. त्या विषाणूवर नेमके औषध नाही; सलाईन, इतर जंतूंवरची औषधे आणि शुश्रूषा यांवरच कुत्रा तगला तर तगतो. 2018 साली गीरच्या जंगलात सिंह मेले, तेव्हा त्यांतल्या काहींच्या शरीरात हाच विषाणू सापडला होता.

बैलाला लाळ-खुरकुताची लस टोचून घेताना आपण मागेपुढे पाहत नाही. रात्रभर खळे राखणाऱ्या कुत्र्याची पाळी आली, की "रेबीजची सुई दिली आहे" म्हणून मोकळे होतो. त्या सुईने डिस्टेंपर टळत नाही. त्यासाठी निराळी एकत्रित लस असते. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिली मात्रा, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, पुढची वर्षभरात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्यावी. ढासेचीही लस मिळते. ती ढास पूर्ण रोखत नाही, जोर मात्र कमी करते.

आणि खोकणारा कुत्रा दवाखान्यात नेलात, तर त्याला दाराशी लसीसाठी आलेल्या पिल्लांत बसवू नका. लांब झाडाखाली बांधा आणि आत जाऊन डॉक्टरांना आधी सांगा.