बेंचवरचा दुसरा माणूस: बचावाच्या असिस्टंट कोचचं करिअर असतं तरी कसं?

धडगाव-अक्कलकुवा बाजूने नेहमी तक्रार येते की भाग ऐकताना मध्येच नेटवर्क जातं. म्हणून हा भाग जसा बोललो तसाच, थोडा साफसूफ करून, इथे लिहून ठेवतोय.

विषय दिला माझ्या मावसभावाने. तळोद्याचा पोरगा, कॉलेज टीममध्ये तीन वर्षं सेंटर बॅक खेळला. दिवाळीत नंदुरबारला आलो तेव्हा गच्चीवर बसून म्हणाला, "दादा, मी आता तेवीसचा झालो. खेळाडू म्हणून माझं काही होणार नाही, हे कळतं मला. पण मागची चार पोरं कुठे उभी करायची, ते मला येतं. याची नोकरी असते का रे?" मी आधी हसलो. मग स्वतःचीच लाज वाटली, कारण उत्तर मला माहीतच नव्हतं. घरात त्याला दोनच पर्याय दिसत होते, पोलीस भरती नाहीतर मामाचं दुकान. म्हणून मी शोधायला बसलो.

तर पहिलं उत्तर: अमेरिकेत असते. तिथलं कॉलेज फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं फुटबॉल नाही, हेल्मेट घालून अंडाकृती चेंडूने खेळतात ते. त्यात हल्ला करणारे अकरा वेगळे आणि अडवणारे अकरा वेगळे. मग अडवणाऱ्यांचे कोचही वेगळे: पुढच्या फळीचा एक, मधल्या फळीचा एक, मागच्या फळीचा एक. या सगळ्यांच्या वर एक डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. सुरुवात होते ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून. म्हणजे मास्टर्स करत करत व्हिडिओ कापायचे, कोन मांडायचे, रात्री दोनपर्यंत समोरच्या टीमच्या चाली बघायच्या. फक्त असिस्टंट कोचसाठी म्हणून एक पुरस्कारसुद्धा आहे, ब्रॉयल्स अवॉर्ड, 1996 पासून दिला जातो. 2016 चा विजेता ब्रेंट व्हेनाबल्स हा क्लेम्सन विद्यापीठाचा बचाव सांभाळायचा. सामन्यात तो इतका तापायचा की त्याला मागून पकडून रेषेबाहेर ओढायला एक माणूस ठेवलेला असायचा! 2021 च्या शेवटी तो ओक्लाहोमाचा हेड कोच झाला. असिस्टंट ते मुख्य, सरळ जिना.

आता आपल्याकडे या. आपल्या बहुतेक कॉलेजांत क्रीडा संचालक नावाचं एक पद असतं. तोच कबड्डी बघतो, तोच खो-खो, तोच विद्यापीठाच्या आंतर-महाविद्यालयीन स्पर्धांचे फॉर्म भरतो. बचावाचा वेगळा कोच सोडा, फुटबॉलचा वेगळा कोच मिळाला तरी नशीब. म्हणजे आपल्याकडे हा जिना कॉलेजात नाहीच. तो क्लबमध्ये आणि राष्ट्रीय संघात आहे, आणि त्याच्या बऱ्याच पायऱ्या शेजारच्या गोव्यात बांधल्यात.

महेश गवळी हे नाव ऐकलंय? नसेल, तर त्यात तुमचा दोष नाही. गोव्याचा माणूस, टाटा फुटबॉल अकादमीत घडलेला, सेंटर बॅक. 2003 मध्ये ईस्ट बंगालने जकार्तात आसियान क्लब चॅम्पियनशिप जिंकली, त्या बचावात हा होता. नंतर आर्मांदो कुलासो यांच्या डेम्पो संघात, आणि 2011 च्या आशियाई कपच्या भारतीय चमूत. खेळणं संपल्यावर कोचिंगमध्ये आला आणि पुढे राष्ट्रीय संघाचा असिस्टंट कोच झाला.

2023 चा जून आठवा. बेंगळुरूत सॅफ चॅम्पियनशिप. पहिल्याच सामन्यात पाकिस्तानविरुद्ध हेड कोच इगोर स्टिमॅच यांनी समोरच्या खेळाडूच्या हातातला थ्रो-इनचा चेंडू उडवला, लाल कार्ड. पुढचा नेपाळचा सामना गवळींनी सांभाळला, 2-0 जिंकला. स्टिमॅच परतले, कुवेतविरुद्ध परत लाल कार्ड! या वेळी दोन सामन्यांची बंदी. म्हणजे सेमीफायनल आणि फायनल दोन्हीला रेषेवर उभा कोण, तर गवळी. लेबनॉनविरुद्ध 0-0, पेनल्टीवर 4-2. फायनलला कुवेत, 1-1, पेनल्टीवर 5-4. कप भारताचा, नववा.

आता मला आवडलेला आकडा. त्याआधी त्याच महिन्यात भारत इंटरकॉन्टिनेंटल कप खेळला होता. चार सामने तिथे, पाच सॅफचे. नऊ सामन्यांत भारताने किती गोल खाल्ले? दोन. त्यातला एक अन्वर अलीकडून चुकून स्वतःच्याच जाळ्यात गेलेला. हेडलाईन मात्र छेत्रीच्या गोलांची आणि गुरप्रीतने अडवलेल्या पेनल्टीची. बरोबरच आहे म्हणा, ते दिसतं. न झालेला गोल दिसत नाही. आमच्या ऑफिसात सर्व्हर वर्षभर बंद पडला नाही तर त्या टीमला कोणी केक आणत नाही. एक रात्र बंद पडला की सगळ्यांना त्यांची नावं पाठ होतात. तेच हे.

पण हा माणूस नेमकं करतो काय? कबड्डीतून सांगतो, पटकन कळेल. रेडर आला की कॉर्नर घोट्याला बसतो आणि कव्हर छातीवर येतो. कॉर्नर कितीही भारी असो, कव्हर अर्धा सेकंद उशिरा आला तर रेडर सुटला. एकाने साखळी सोडून आधीच झेप घेतली तर पॉइंट गेलाच. फुटबॉलच्या मागच्या चौघांचं अगदी हेच. चौघांनी एका रेषेत वर सरकायचं, म्हणजे समोरचा स्ट्रायकर ऑफसाइडमध्ये अडकतो. एक जण दोन पावलं मागे राहिला की संपलं. एक सेंटर बॅक चेंडूवर गेला तर दुसऱ्याने त्याच्या मागची जागा झाकायची. कॉर्नर किकला कोणी माणूस धरायचा आणि कोणी जागा धरायची, हे आदल्या दिवशीच ठरलेलं असतं. असिस्टंट हेच परत परत करून घेतो, चुकलेल्या जागांचे छोटे व्हिडिओ काढतो, आणि ज्या पोराने परवा चूक केली त्याच्याशी जेवताना वेगळं बोलतो. हे शेवटचं काम हेड कोच सहसा करत नाही. त्याला टीम निवडायची असते ना, मग पोरगं त्याच्यासमोर मोकळं होत नाही.

करिअरचा अवघड भाग पुढे आहे. त्यासाठी दुसरा गोवेकर, क्लिफर्ड मिरांडा. हा मिडफिल्डर होता, पण असिस्टंटचं नशीब काय असतं ते याच्याकडून कळतं. 2020 मध्ये एफसी गोवाने हेड कोच सर्जिओ लोबेरा यांना सीझनच्या शेवटच्या टप्प्यात काढलं आणि मिरांडाला हंगामी जबाबदारी दिली. टीम लीगमध्ये पहिली आली, आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरली. मग क्लबने काय केलं? हुआन फेरांडो या स्पॅनिश कोचला आणलं, आणि मिरांडा परत असिस्टंटच्या खुर्चीत. 2023 मध्ये ओडिशा एफसीने असंच हंगामी म्हणून उभं केलं. त्याने सुपर कप जिंकून दिला, फायनलमध्ये बेंगळुरूला 2-1 हरवून. पुढच्या सीझनला ओडिशाने हेड कोच कोणाला केलं माहितीये? त्याच लोबेरांना! यार, एखाद्या सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू लेखकाने जास्तच ताणलं. मिरांडा पुढे मोहन बागानला असिस्टंट म्हणून गेला, आणि 2025 मध्ये कुठे चेन्नईयिनने त्याला मुख्य कोच केलं.

माझं मत विचाराल तर 'हंगामी' हा शब्द आपल्या फुटबॉलने फार स्वस्तात वापरलाय. पण दार अगदी बंद आहे असंही नाही. खालिद जमील मुंबईच्या क्लब फुटबॉलमध्ये वाढलेला. आयझॉलला 2016-17 ची आय-लीग जिंकून दिल्यावरसुद्धा तो पुढे नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये असिस्टंट होता. 2021 च्या जानेवारीत हेड कोच गेला, याने टीम प्लेऑफपर्यंत नेली, आणि त्याच वर्षी आयएसएलमधला पहिला कायमस्वरूपी भारतीय हेड कोच झाला. ऑगस्ट 2025 पासून तो भारताचा कोच. त्याआधी पूर्णवेळ भारतीय कोच होता 2012 पर्यंत, साव्हियो मदेरा. तोही गोव्याचाच.

सगळ्यांनाच एक नंबर व्हायचं असतं असंही नाही हं. स्टिमॅच 2024 मध्ये गेले, मनोलो मार्केझ आले, आणि गवळी तिथेच राहिले. नवीन साहेब परदेशातून येतो तेव्हा कोणता पोरगा दुखापत लपवतो, कोण डाव्या पायाला घाबरतो, हे त्याला कोण सांगणार? ही माहिती कुठल्याच फाईलमध्ये नसते.

मावसभावाला मी एवढं सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ते टाटा अकादमीवाले रे भो, आपण तळोद्याचे." मुद्दा बरोबर होता. ही सगळी मंडळी आधी मोठी खेळाडू होती, खोटं कशाला बोलू. पण कोचचं लायसन्स मिळवायला भारताकडून खेळलेलं असावं लागत नाही. शिडी अशी: डी, मग सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. वर जाताना प्रत्येक टप्प्यावर मध्ये प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव दाखवावा लागतो, त्यामुळे याला वर्षं लागतात. महाराष्ट्रात फुटबॉलची संघटना आहे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, डी लायसन्सच्या कोर्सची चौकशी तिथे करायची. शाळा-कॉलेजात पक्की नोकरी हवी असेल तर बीपीएड, एमपीएडचा रस्ता वेगळा, आणि पतियाळाच्या एनआयएसचा कोचिंग डिप्लोमा वेगळा. दोन्ही रस्ते एकदम धरले तरी चालतात. सुरुवातीला पैसे जेमतेम, तेही सांगून टाकलं, कारण त्याच्या घरी प्रश्न तोच येणार होता.

सध्या तो पोलीस भरतीचं ग्राउंडही करतोय आणि संध्याकाळी एका शाळेच्या पोरांना सुब्रतो कपसाठी शिकवतोय. जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य, असा त्या स्पर्धेचा रस्ता. परवा त्याने व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ टाकला. धुळीत चुन्याची एक रेष, तिच्यावर चार पोरं, चौघांच्या कमरेला एकच दोरी बांधलेली. एक जण मागे राहिला की बाकीचे तिघं ओढले जातात आणि सगळे हसत सुटतात. खाली त्याने लिहिलं होतं, "दादा, डीच्या कोर्सची तारीख बघून ठेव."