कण दिसत नाहीत, मग शिकवायचे कसे?



‘स्थायू, द्रव व वायू यांतील फरक लिहा’ या प्रश्नाला मुलं मस्त तक्ता काढून देतात. आकार, आकारमान, प्रवाहीपणा, सगळं बरोबर. गुणही मिळतात. आता त्याच मुलांना कोऱ्या कागदावर तीन चौकोन काढायला सांगा आणि म्हणा, "समजा, तुमच्याकडे असा चश्मा आहे की त्यातून पदार्थाचे अगदी लहान कणसुद्धा दिसतात. बर्फ, पाणी आणि वाफ कशी दिसेल ते काढा."

मी हे पहिल्यांदा करून घेतलं तेव्हा जरा हादरलोच. बर्फाचे कण चौकोनी, पाण्याचे थेंबासारखे, वाफेचे ढगासारखे! एका मुलीने खाली लिहिलं होतं, ‘बर्फाचे कण कडक असतात, वितळल्यावर ते मऊ होतात.’ तक्त्यात तिला पैकीच्या पैकी होते.

ही चूक किरकोळ नाही. बर्फ, पाणी, वाफ या तिन्हींत पाण्याचा रेणू तोच असतो. बदलते ती त्यांची मांडणी, हालचाल आणि एकमेकांवरची पकड. कडकपणा किंवा ओलेपणा हा एकट्या कणाचा गुण नाही, तो असंख्य कण एकत्र आल्यावर दिसतो. हे सहावी-सातवीत पक्कं झालं नाही तर पुढे भौतिक बदल आणि रासायनिक बदल यांतला फरक मुलं फक्त पाठ करतात.

सुरुवात सिरिंजने करा. सुई नसलेली नवी सिरिंज औषधाच्या दुकानात मिळते. दट्ट्या ओढून हवा भरा, टोकावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या आत ढकला. हवा बरीच दबते आणि सोडल्यावर दट्ट्या परत मागे येतो. आता पाणी भरून तेच करा, बुडबुडा राहू देऊ नका. दट्ट्या हलतच नाही. प्रत्येक मुलाच्या हातात सिरिंज गेलीच पाहिजे. हाताला जाणवलेला फरक फळ्यावरच्या आकृतीतून कळत नाही.

मग विचारा, हवा दबली म्हणजे काय झालं? "कण लहान झाले" हे उत्तर हमखास येतं. लगेच चूक म्हणू नका. दबलेल्या हवेचं चित्र काढायला सांगा आणि कण आधी किती काढले होते ते मोजायला लावा. पुष्कळ जण नकळत कणांची संख्याच कमी करतात. बोट घट्ट होतं ना? मग बाकीचे गेले कुठे? इथे वर्गात चांगलाच वाद होतो, होऊ द्या.

कणांमधलं अंतर कमी झालं इथपर्यंत मुलं आली की खरा अवघड प्रश्न येतो. कणांच्या मधे काय असतं? "हवा!" मग पुढचा प्रश्न टाका, हवासुद्धा कणांचीच, तर हवेच्या कणांच्या मधे काय? उत्तर आहे, काहीच नाही. मुलांना हे पटत नाही आणि त्यात त्यांचा दोष नाही. रिकामी जागा असूच शकत नाही, असं ॲरिस्टॉटललाही वाटत होतं. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ब्राउनीय गतीचं गणित मांडलं आणि त्यानंतर पेराँने काळजीपूर्वक मोजमापं केली, तेव्हा कुठे उरलेल्या शंकेखोर शास्त्रज्ञांपैकी बहुतेकांनी अणू-रेणू मान्य केले. आपण ते एका तासिकेत पटवायला बघतो!

आता आकृतीबद्दल. बऱ्याच आकृत्यांत स्थायूचे कण चिकटलेले, द्रवाचे मध्यम अंतरावर आणि वायूचे लांब दाखवतात. यात द्रवाचं चित्र फसवं आहे. द्रवातले कणही जवळजवळ एकमेकांना टेकलेलेच असतात, फक्त जागा बदलत घसरत राहतात. म्हणून तर पाण्याची सिरिंज दबली नाही. उलट १०० अंश सेल्सिअसला १ मिलिलिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० मिलिलिटर जागा व्यापते. म्हणजे कणांमधलं अंतर साधारण १२ पट होतं. फळ्यावर हे प्रमाणात काढायला गेलात तर वायूच्या चौकोनात जेमतेम एखादा कण मावेल. एकदा काढून दाखवाच.

मैदानावरचा खेळ आपण बहुतेक जण घेतो. प्रार्थनेच्या रांगा म्हणजे स्थायू, मोकळं मैदान म्हणजे वायू. त्यात दोन दुरुस्त्या करा. रांगेतल्या मुलांना ‘स्थिर’ उभं करू नका, जागेवरच डुलायला सांगा, कारण स्थायूचे कणही कंप पावत असतात. आणि द्रव म्हणजे एसटी लागल्यावर दाराशी होणारी गर्दी, खांद्याला खांदा लागलेला, तरी प्रत्येक जण सरकतोय.

एक प्रयोग मात्र मी सोडून दिला. पाण्यात साखर विरघळवायची आणि ‘पातळी वाढली नाही, म्हणजे साखर मोकळ्या जागेत शिरली’ असं सांगायचं. चमचाभर साखरेने फरक डोळ्यांना दिसत नाही इतकंच. १०० मिलिलिटर पाण्यात ५० ग्रॅम साखर घालून मोजपात्रात बघा, पातळी सुमारे ३० मिलिलिटरने वर जाते. एखाद्या चौकस मुलाने घरी करून पाहिलं तर आपण काय सांगणार?

पालकांसाठी स्वयंपाकघर आहेच. चहाचं पाणी तापताना आधी येणारे बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात. खळखळ उकळताना येणारे मोठे बुडबुडे मात्र पाण्याच्या वाफेचे. मुलं तिथेही ‘हवा’ म्हणतात, थोडी मोठी मुलं ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’ म्हणतात. पाण्याचा रेणू उकळताना तुटत नाही, हे सांगायची जागा तीच. आणि भांड्यावर दिसणारा पांढरा धूर ही खरी वाफ नव्हे, ते पाण्याचे सूक्ष्म थेंब आहेत. खरी वाफ दिसत नाही.

पुढच्या तासाला एका पेल्यात पाणी आणि बर्फाचा खडा ठेवा. दुसऱ्या भांड्यात वितळलेलं मेण घ्या आणि त्यात घट्ट मेणाचा तुकडा टाका (मेण तुम्हीच वितळवा, मुलांना लांब ठेवा). बर्फ तरंगतो, मेण बुडतं. कणांची चित्रं काढून दोन्हींचं कारण शोधायला मुलांना सांगा, आणि त्या तासाला स्वतः उत्तर देऊ नका.