दोरीला कणा कुठून येतो

या आठवड्यात भट्टी पेटवायची असं ठरलं होतं. मागच्या लेखात के. जी. सुब्रमण्यन यांची लखनौच्या रवींद्रालयातली मातीची भिंत पाहिली. त्यानंतर त्यांच्या विद्यार्थिनीची, म्हणजे शिल्पकार मृणालिनी मुखर्जींची सिरॅमिक्स हाच पुढचा मुक्काम होता. पण सांगलीच्या एका ताईंचं पत्र आलं आणि भट्टी पुढे ढकलावी लागली. त्या लिहितात, ‘मृणालिनीबाईंनी मॅक्रमेच्या गाठींतून शिल्पं केली, असं तुम्ही ओझरतं म्हणालात. आमच्या गल्लीत एके काळी घरोघरी मॅक्रमेचे झुले होते, कुंड्यांची शिंकी होती, भिंतीवर घुबडं होती. मीही केली. मग त्यांचं ते शिल्प आणि आमचा तो नुसता छंद, असं का?’

प्रश्न रास्त आहे. प्रतिभा, साधना असे मोठे शब्द वापरून तो टोलवणं मला पटत नाही. उत्तर गाठीतच सापडायला हवं.

चार दोऱ्या घ्या. मधल्या दोन ताणून सरळ धरायच्या. काम बाहेरच्या दोघींचं. डावी दोरी मधल्या दोघींवरून उजवीकडे न्यायची आणि उजवीच्या खाली सरकवायची. उजवी दोरी मधल्यांच्या मागून आणून डावीच्या फासातून वर काढायची आणि ओढायचं. ही अर्धी गाठ. आता हेच उजवीकडून सुरू करून केलं की चौकोनी गाठ पुरी होते आणि पट्टी सपाट उतरते. पण बाजू बदललीच नाही, दर वेळी डावीकडूनच सुरुवात केली, तर थोड्याच गाठींनंतर पट्टी फिरू लागते. तिला कुणी पिळत नाही. तिरपा ताण एकाच अंगाला साठत जातो आणि दोरी त्या ताणाला वाट करून देते.

ताईंना हे हाताने पाठ असणार, कारण शिंक्याच्या चारही पदरांना हाच पीळ असतो. मात्र शिंकं असो की झुला, घरातलं मॅक्रमे वरच्या कडीवर विसंबून असतं. आकार वजनाने खाली ओढला जातो, म्हणूनच तो सरळ आणि देखणा दिसतो. कडी काढून घेतली की सगळं जमिनीवर ढीग होऊन पडतं.

मृणालिनीबाईंची सुरुवातही टांगलेल्या, भिंतीला धरून असलेल्या कामांपासूनच झाली. ऐंशीच्या दशकातल्या ‘यक्षी’ (१९८४), ‘अप्सरा’ (१९८५) या शिल्पांपर्यंत येताना मात्र दोरीचं वागणंच बदललेलं दिसतं. आत लोखंडी सांगाडा असतो, हे खरं. पण सांगाडा फक्त मुख्य भार पेलतो. बाहेर उमललेल्या पाकळ्या, ओठांसारख्या मुडपलेल्या कडा, पोटासारखे फुगवटे ताठ राहतात ते गाठींच्या दाटपणामुळे. गाठीला गाठ इतकी भिडलेली असते की दोरीला लोंबायला जागाच उरत नाही. ओळींमध्ये नव्या दोऱ्या घातल्या की पृष्ठभाग बाहेर फुगतो, कमी केल्या की आवळतो. लोकरीच्या टोपीत टाके वाढवतात-घटवतात, तसंच. एवढ्या साध्या हिशेबातून माणसापेक्षा उंच देह उभे राहतात. जवळ गेलं की आधी गाठी दिसतच नाहीत, झाडाची साल दिसते. आणखी पुढे गेल्यावर एकेक गाठ वेगळी होते. मला ही शिल्पं सर्वांत आवडतात ती या अंतरावरून.

दुसरा फरक नमुन्याचा. मॅक्रमेच्या पुस्तकात आकृती असते, किती दोऱ्या आणि किती गाठी ते लिहिलेलं असतं. मृणालिनीबाई आधी चित्र काढत नसत, छोटी प्रतिकृतीही करत नसत. वाखाची दोरी निवडायची, रंगवायची, गाठी मारायला बसायचं आणि आकार वाढत जाईल तसं पुढचं ठरवायचं. एकेका मोठ्या कामाला अनेक महिने लागत. मदतनीस हाताशी असत, तरी निर्णय प्रत्येक ओळीला नव्याने घ्यावा लागे. म्हणून ‘पुष्प’ (१९९३) किंवा ‘वनश्री’ (१९९४) यांना ‘रचलेली’ म्हणायला जीभ वळत नाही. ती वाढलेली आहेत.

हाताने घडवत जाण्याचं हे वळण मृणालिनीबाईंच्या घरातच होतं. जन्म मुंबईचा, १९४९ सालचा. वडील बिनोदबिहारी मुखर्जी शांतिनिकेतनचे थोर चित्रकार. पन्नाशी ओलांडल्यावर दृष्टी पूर्ण गेली, तरी त्यांनी कागद कातरून कोलाज केले आणि फरशीच्या तुकड्यांचं भित्तिचित्र उभं केलं. आई लीला लाकूड कोरत. नेपाळमध्ये पारंपरिक कारागिराकडून ते काम शिकल्या होत्या. बडोद्याला मृणालिनी आधी चित्रकला शिकल्या, मग सुब्रमण्यन यांच्याकडे भित्तिचित्र. तिथल्या फाइन आर्ट्स फेअरमध्ये शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी करून विकत. चित्रकाराने लाकडाला किंवा चामड्याला हात लावला म्हणून तिथे कुणाच्या भुवया उंचावत नसत.

त्या बाहेर उंचावत. दोरी म्हटली की हस्तकला, बाई दोरी घेऊन बसली की विणकाम, आणि शिल्प म्हणजे दगड नाहीतर धातू, ही वर्गवारी घट्ट होती. याचा मला मनापासून राग येतो. पोलंडच्या माग्दालेना आबाकानोविच यांनी साठच्या दशकात घायपाताचे जुने दोर उसवले, रंगवले आणि अजस्र टांगती शिल्पं विणली, तेव्हा त्यांनाही याच भिंतीवर डोकं आपटावं लागलं. दोघींची नावं नेहमी एका दमात घेतली जातात, पण आबाकानोविच विणत होत्या, ताणा-बाण्याची चौकट त्यांच्या हाताशी होती. मृणालिनीबाईंकडे माग नव्हता. होती ती दोरी आणि बोटं.

तर ताई, गाठ तुमची आणि त्यांची एकच. तुमच्या हातात कमी काही नव्हतं. पुस्तकातली आकृती बाजूला ठेवून आणि कडी काढून घेऊन हीच गाठ किती दूर जाते, हे त्यांनी पंचवीसहून अधिक वर्षं तपासलं. शिल्प झालं ते त्या तपासण्यातून.

१९९६ साली त्या नेदरलँड्समधल्या युरोपियन सिरॅमिक वर्क सेंटरमध्ये गेल्या आणि मातीत काम करू लागल्या. पुढे मेणावरून ब्राँझकडे वळल्या. दोरीत चुकलं तर गाठ सोडता येते. माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, आणि भट्टीतून बाहेर आलेल्या तड्याला माघार नसते. बोटांची जुनी सवय तिथे कशी चालली, ते पुढच्या आठवड्यात नक्की.

२०१५च्या जानेवारीत दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन उघडलं आणि आठवड्याभरातच, २ फेब्रुवारीला, त्या गेल्या. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. दिल्लीला जाणं झालं तर किरण नाडर संग्रहालयात त्यांचं काही मांडलेलं आहे का, ते आधी फोन करून विचारा आणि असेल तर वेळ काढून जा. फोटोत ही शिल्पं निम्मीही कळत नाहीत.